प्लॉटर ऐकंना

२ ऑक्टोबर, गुरुवार (दसरा)

डॉक्टर म्हणले, राग आला की लिहून काढत जा, बीपी खाली येतं. खत दुकानदारानं दिलेली डायरी पडूनच होती, तिच्यात सुरुवात करतो. आज मात्र राग न्हाई, आज खूश हाय.

मुहूर्तावर कॉम्प्युटर नवा केला. डबा तोच, आतली विंडोज दहाची अकरा केली. महिनाभर स्क्रीनवर पाटी येत होती की १४ तारखेनंतर दहाचा सपोर्ट बंद. करायचंच हाय तर चांगल्या दिवशी करू म्हणलं. झेंडूचा हार घातला, कीबोर्डला हळदीकुंकू लावलं, प्लॉटरपुढं नारळ फोडला आणि बारा वाजून दहा मिनिटांनी बटण दाबलं. संस्कृती म्हणली, "पप्पा, आधी कुणाला तरी विचारा की." पोरगी सातवीत हाय, तिला सगळं कळतं असं तिला वाटतं. दसऱ्याला सुरू केलेलं काम बिघडत नसतं, म्हणलं.

संध्याकाळपर्यंत अकरा आली. स्क्रीन लई भारी दिसतीय. चौसाळ्यात हायवेवर एवढी रेडियमची दुकानं, अकरा फक्त माझ्याकडं असंल.

३ ऑक्टोबर

प्लॉटर ऐकंना.

कॉम्प्युटरवर नाव लिहायचं, प्लॉटरनं ते ब्लेडनं रेडियमच्या कागदावर कापायचं, मी ते गाडीवर चिकटवायचं, एवढाच माझा धंदा. आज एका टमटमवाल्याचं नाव पाठवलं. कॉम्प्युटर म्हणतो पाठवलं, प्लॉटर जागचा हलत न्हाई. दहा वेळा बंदचालू केला. वायरी काढून फुंकर मारून परत लावल्या. कॉम्प्युटर जड झाला असंल म्हणून जागा करायला 'जुन्या फायली काढा' हे पण दाबलं. काही न्हाई.

प्लॉटर जुना. त्याला मागं नऊ पिनांचा सिरियल पोर्ट हाय, आजच्या कॉम्प्युटरला तसला नसतो. म्हणून मधी एक केबल लागती, एका अंगाला यूएसबी, दुसऱ्या अंगाला नऊ पिना. त्या केबलच्या नावापुढं आता पिवळा त्रिकोण आलाय. उघडून बघितलं तर लिहिलंय, हा माल जुना झाला, विकणाऱ्याशी संपर्क करा.

केबल सतीशनं पुण्याहून आणली होती. सतीश म्हंजे माझा आधीचा पार्टनर. दोन वर्षं झाली, बोलणं न्हाई. आता कॉम्प्युटर बी मला त्याच्याकडंच जा म्हणतोय. बीपीची गोळी घेतली.

५ ऑक्टोबर

अर्जुनराव मुकादम आले. ह्या भागातल्या सगळ्या ऊसतोड टोळ्यांच्या ट्रॉल्यांना कारखान्याचे नंबर लावायचं काम त्यांच्याकडं हाय. एकशेवीस ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी, म्हंजे दोनशे चाळीस नंबर. २८ तारखेला सगळे तयार पाहिजेत, एक तारखेला कारखाना चालू. "जमतंय ना शिवा? न्हाईतर बीडला देतो."

"जमतंय की," म्हणलं. त्यांच्या मागं दोन हातांवर प्लॉटर मेल्यागत पडला होता, आणि मी हसून चहा सांगत होतो.

हे काम गेलं तर दुकान गेलं. पावसानं ह्या वर्षी गिऱ्हाईकच न्हाई. दिवाळीनंतर शटर ओढायचं आणि परत कुणाच्या तरी पिकअपवर ड्रायव्हर व्हायचं. बारा वर्षं केलंय ते. परत न्हाई करायचं.

८ ऑक्टोबर

बीडला गेलतो, प्लॉटर गोधडीत गुंडाळून. कॉम्प्युटरवाल्यानं गोधडी पूर्ण उघडली पण न्हाई. "काका, हे भंगारात घाला. आता कोण सिरियल वापरतं?" मी वापरतो, म्हणलं. तो मला काका म्हणला त्याचाच राग जास्त आला, माझ्यापेक्षा जास्त टक्कल त्याला होतं.

नवी केबल दिली त्यानं. घरी येऊन लावली. पिवळा त्रिकोण गेला. हुरूप आला. आता केबलच्या पुढं 'कॉम ९' असं लिहून येतंय. पण माझं कापायचं सॉफ्टवेअर जुनं, त्याच्यात पोर्ट विचारला की एक, दोन, तीन, चार एवढेच दाखवतं. पहिल्यापासून तिथं तीन हाय. नऊ न्हाईच त्याच्यात. केबल दुसऱ्या भोकात लावली, तर कॉम १०. तिसऱ्या भोकात, कॉम ११. भोक बदललं की नंबर वाढतोय, आणि मला पाहिजे कमी.

मग दहावर परत जायचं ठरवलं. दहा दिवसांत जाता येतं म्हणे. तिथं दाबलं तर सांगतंय जुन्या फायली सापडत न्हाईत. त्या फायली कुणी काढल्या ते वर लिहिलंच हाय.

१३ ऑक्टोबर

दुकानात बसवत न्हाई, घरी बसवत न्हाई. हायवेच्या पलीकडं जातो, चहा घेतो, परत येतो, प्लॉटर चालू करून बघतो. आज असं सहा वेळा केलं. बायको, वनमाला, म्हणली, "सतीशभाऊंना एक फोन लावा. त्यांना दोन मिनिटांचं काम असंल." मी ताट सरकवून उठलो. मग भूक लागली तेव्हा परत येऊन बसलो, तिनं ताट परत पुढं केलं.

एकदा लिहूनच काढतो. दुकानाचं नाव 'शिव-सतीश रेडियम' होतं. चार वर्षं आमी दोघं एका टेबलावर. सॉफ्टवेअरमधलं सगळं त्याचं, गिऱ्हाईक आणि चिकटवणं माझं. नांदूरघाटला त्याच्या घरी मी कितीदा चहा घेतलाय, त्याची आई भिमाबाई मला लेकरासारखं धरायची. मी जातपात असलं काही मानत न्हाई. पण धंद्यात गिऱ्हाईक काय म्हणतं ते बघावं लागतं. मोठी माणसं दुकानात येतात, त्यांना काही गोष्टी पटत न्हाईत. म्हणून एका रविवारी तो नव्हता तेव्हा नवा बोर्ड लावला, 'संस्कृती रेडियम'. त्याला मी काही बोललो पण न्हाई, उगं वाईट वाटलं असतं. सोमवारी तो आला, खाली उभा राहून बोर्ड वाचला आणि आत न येता गेला. त्याला काढलं न्हवतं कुणी. पाठीमागं बसून काम करायचं होतं. एवढ्याशा गोष्टीवरून माणूस दोस्ती तोडतो.

हे लिहून बीपी खाली यायला पाहिजे होतं. बघितलं, दीडशे-शंभर.

१७ ऑक्टोबर

हातानं कापायचं ठरवलं. पुठ्ठ्याचे आकडे करून त्यावरून ब्लेड फिरवायचं. सकाळी आठ ते संध्याकाळी सात, चौदा नंबर झाले. अंगठा कापला. संस्कृतीनं नको असलेलं रेडियम सोलून काढलं, तिचे आकडे माझ्यापेक्षा सरळ निघाले.

अर्जुनराव जाताजाता डोकावले. एक नंबर उचलून उजेडात धरला. "हा आठ हाय का शून्य? फाटकावर कॅमेरा हाय बाबा. त्यानं नंबर वाचला न्हाई तर गाडी लाइनीत उभी. मशीनवर का करंना?" सांगितलं की मशीनवरचे नंतर करणार, हे असंच नमुना म्हणून. ते नंबर खाली ठेवून गेले.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

दिवाळी कशी गेली विचारू नका. लक्ष्मीपूजनाला प्लॉटरपुढं पण पणती लावली. त्याला सांगितलं, आता तरी चल. लाज वाटते लिहायला, पण हात जोडले.

वनमालाचा भाऊ वारल्यापासून तिला आजचा दिवस जड जातो. सतीश होता तेव्हा ती त्याला ओवाळायची. आज म्हणली, मावशीला बरं न्हाई, नांदूरघाटला जाऊन येते. डबाभर करंज्या घेतल्या, ताम्हण पण घेतलं. आजारी मावशीला ताम्हण कशाला कळलं न्हाई, पण मी विचारायच्या मनःस्थितीत न्हवतो. जाताना माझ्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनचे मोबाइलवर फोटो काढले. म्हणली, मावशीच्या नातवाला दाखवते. काढू दिले. नातवालाच येत असंल तर बरंच.

परत आली तेव्हा डोळे रडल्यासारखे पण चेहरा हलका होता. मावशीची तब्येत सुधारली म्हणे.

२४ ऑक्टोबर

वनमालाला काय झालंय कळंना. सकाळी दुकानात येऊन उभी राहिली, हातात चिठ्ठी. "डिव्हाइस मॅनेजरमधी जा. केबलच्या नावावर जा. पोर्टच्या सेटिंगमधी ॲडव्हान्स्ड. तिथं नऊचा तीन करता येतो." ही बाई मिक्सरच्या फ्यूजला मला हाक मारते. कुठं शिकलीस म्हणलं, तर म्हणली व्हिडिओ बघितला.

केलं तसं. खरंच तिथं नंबर बदलायची खिडकी होती. तीन निवडला. तर सांगतंय, तीन नंबर दुसऱ्या कुणीतरी धरलाय. कुणी? प्लॉटर सोडून मी काहीच जोडलेलं न्हाई. तिनं परत फोटो काढला आणि बाहेर जाऊन फोनवर बोलत बसली. मावशीशी एवढं काय बोलते देव जाणे.

चार दिवस राहिले.

२५ ऑक्टोबर

अर्जुनरावांचा फोन. नंबर कुठवर आले? म्हणलं, होतायत. मग म्हणले, "माझ्या स्वतःच्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर 'श्री वैजनाथ प्रसन्न' बी कर, मोठ्या अक्षरात, नव्या सीझनला."

फोन ठेवला आणि वनमालाला सांगितलं, उद्या त्यांना खरं सांगून टाकतो, काम बीडला जाऊ द्या. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणली, "मी मावशीकडं गेलेच न्हाई. सतीशभाऊंकडं गेलते. चिठ्ठी त्यांनी सांगितलेली. ते म्हणतात, हे फोनवर न्हाई होत, यावं लागंल. पण तुमी बोलावलं तरच येणार."

मी लई बोललो. माझ्या पाठीमागं, माझी इज्जत, असलं सगळं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणली, "त्यांनी ताटात ओवाळणी टाकली तवा मला विचारलं, शिवाचं बीपी कसं हाय."

घराच्या मागं जाऊन फोन लावला. नंबर पाठ होता. त्यानं उचलला. म्हणलं, "सतीश, माझं अडलंय. ये." म्हणला, "उद्या नऊला." ठेवला.

२६ ऑक्टोबर, रविवार

आला. केस पांढरे झालेत. बोर्डाकडं बघितलं न्हाई, सरळ आत येऊन त्याच्या जुन्या जागेवर बसला. मी रेडियमचे रोल उगंच इकडचे तिकडं केले.

"तुझी जुनी केबल काढलीस, पण तिनं तीन नंबर अजून धरून ठेवलाय," म्हणला. "दिसत न्हाई, पण यादीत हाय." त्यानं कसलीतरी लपलेली यादी उघडली, तिच्यात जुनी केबल करड्या रंगात होती. ती काढून टाकली. मग नव्या केबलचा नऊचा तीन केला. आता कुणी अडवलं न्हाई. वेग का काय तेवढा जुळवला, प्लॉटरचं बटण दाबलं.

प्लॉटर सुरू झाला. आणि थांबेचना. दसऱ्यापासून मी जे जे पाठवलं होतं ते सगळं कॉम्प्युटरमधी रांगेत अडकून पडलं होतं, ते एकामागं एक कापून यायला लागलं. टमटमवाल्याचं नाव. मग 'संस्कृती'. मग 'चल'. मग 'चल की बे'. मग एक शिवी, ती लिहीत न्हाई. डायरीत हे मी लिहिलं न्हवतं, पण दुकानात एकटा असलो की चिडून काहीबाही टाइप करून पाठवत होतो. मी प्लॉटर बंद करायला धावलो, सतीशनं हात धरला, "थांब, रांग निघू दे." आणि शेवटी, आठ इंची अक्षरात, 'शिव-सतीश रेडियम'. ते मी १३ तारखेला पाठवलं होतं. का पाठवलं ते मलाही सांगता येणार न्हाई.

ब्लेड 'सतीश'वरून हळू हळू गेलं. आमी दोघं बघत राहिलो.

तो म्हणला, "बोर्डावरून नाव काढलंस त्याचं मला एवढं न्हवतं, शिवा. का काढलंस ते तू तोंडानं सांगितलं न्हाईस. मला बाहेरून कळलं. सगळ्या चौसाळ्याला माहीत होतं आन मी पाटी वाचत उभा होतो."

मग सांगितलं. दोन वर्षांनी. म्हणलं, "अर्जुनराव म्हणले होते, देवाचं नाव त्या लोकांच्या हातचं गाडीवर नको. बोर्डावर त्याचं नाव ठेवशील तर आमी बीडला जाऊ."

"मग तू काय म्हणलास?"

"काहीच न्हाई म्हणलो. नवा बोर्ड केला."

तो खाली बघत ब्लेडला लागलेला रेडियमचा कचरा नखानं काढत होता. मला वाटलं आता उठून जाईल. म्हणला, "नंबरांची यादी आण. दोनशे चाळीस हायत."

२७ ऑक्टोबर

सगळे झाले. काल दिवसभर आणि आज चारपर्यंत. तो कापत होता, मी सोलत होतो, वनमाला गठ्ठे बांधत होती. तिचं आणि त्याचं हसणं चालू होतं, माझ्याशी तो कामापुरतं बोलला. ते ठीकच हाय.

'श्री वैजनाथ प्रसन्न' मी यादीतून बाजूला ठेवलं होतं. सांगायचंच न्हाई असं ठरवलं होतं, परत तेच. मग सांगितलं, अर्जुनरावांचं हे बी हाय, त्यांच्या ट्रॅक्टरचं, तू नको करू, मी करतो. तो म्हणला, "तुझी जोडाक्षरं चिकटतात." आणि त्यानंच केलं. 'श्री'ची वेलांटी अशी आली की मी हात लावायला घाबरलो.

जाताना बॅग उचलून म्हणला, "उद्या अर्जुनराव येणार. मी येत न्हाई. तुला अवघड नको."

मी काय म्हणायला पाहिजे होतं ते तो हायवे ओलांडून गेल्यावर सुचलं.

२८ ऑक्टोबर

अर्जुनराव अकराला जीप घेऊन आले. नंबर बघितले, खूश झाले. माणसांनी गठ्ठे जीपमधी टाकले. त्यांनी देवाचं नाव हातात घेतलं, बोटानं 'श्री' चाचपली. "एकट्यानं लई केलंस शिवा. पुढच्या वर्षी बी तुलाच."

इथं गप बसलो असतो तर झालं होतं. सतीश न्हवता, बघायला कुणी न्हवतं. म्हणलं, "एकट्यानं न्हाई. सतीशनं केलं. नंबर बी त्यानंच कापले, हे नाव बी."

अर्जुनराव हातातल्या रेडियमकडं बघत राहिले. हळू आवाजात म्हणले, "तुला मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. तवा ऐकलं मी. चुकलं माझं. आता तो हितं बसणार आणि बोर्डावर नाव लागणार. त्याला यायचं असंल तर."

"धंदा कसा करणार मग?"

"म्हाईत न्हाई," म्हणलं. खरंच म्हाईत न्हाई.

'श्री वैजनाथ प्रसन्न' त्यांनी काउंटरवर ठेवलं, नीट, दोन्ही हातांनी, देवाचं नाव म्हणून. आणि दोनशे चाळीस नंबर घेऊन जीप गेली. त्याच हातांनी कापलेले नंबर त्यांना चालले. मला हसू पण आलं आणि लई लाज वाटली, त्यांची न्हाई, माझी, की ह्या माणसाला भिऊन मी दोन वर्षं काढली.

स्टुलावर बसलो. तसाच सतीशला फोन लावला.

"नंबर नेले?"

"नेले."

"आन नाव?"

"ठेवून गेले. मी सांगितलं त्यांना, तू केलं म्हणून."

मग म्हणला, "काय सांगितलंस? परत सांग."

मी परत सांगितलं. सगळं, शब्दाला शब्द. तो थांब म्हणला न्हाई, पूर्ण ऐकलं. तिकडं मागं भांडी वाजत होती. भिमाबाईंचा आवाज आला, एवढा वेळ कुणाशी बोलतोयस रे.

सतीश म्हणला, "शिवा हाय, आई."